न प्यायची कॉफी

मेहुण्यांनी माझ्या भाच्याला घराबाहेर काढलं होतं. त्याला परत घ्या, एवढंच मागायला मी त्याच्यासोबत सल्त शहरात त्यांच्या घरी आलो होतो. आमच्यात मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही. मी मात्र घाबरून बोलण्याआधीच कप रिकामा केला. “कॉफी प्यालात, उस्ताद. विषय संपला,” मेहुणे म्हणाले. भाच्याने कपाळाला हात लावला. “मामा, एवढी पुस्तकं वाचलीस, एक कप सांभाळता येईना?” “त्याने नशेच्या गोळ्या सोडल्यात,” मी पुटपुटलो. “आणि पुरुषांवर प्रेम करणं? ते कधी सोडणार?” मेहुण्यांनी विचारलं. “बाबा, गोळ्यांचं व्यसन होतं. हा मी आहे. कितीदा सांगू?” मेहुण्यांनी मान फिरवली. बहीण किटली घेऊन आली. तिने माझा कप पुन्हा भरला, स्वतःचा भरून न पिताच ठेवला. मग आपल्याच घरात नवऱ्यासमोर, पाहुण्यांच्या रांगेत बसली. “आता माग, दादा.”