डावीकडची शेगडी

दुपारी सव्वादोनला नियंत्रण कक्षातला फोन वाजला आणि पलीकडून नवऱ्याने विचारलं, "अगं, दूध गॅसवर ठेवून आलीस का?"

बाईंना आधी रागच आला. ऊन मी म्हणत होतं, घराघरांत एसी आणि कूलर लागले होते, समोरच्या पडद्यावर शहराची विजेची मागणी चढत चालली होती; आणि ह्यांना दुधाची पडली होती. शिवाय घरातलं दूध संपलंय हे सकाळी कोरा चहा पिताना ह्यांनीच तीनदा ऐकवलं होतं.

"डावीकडच्या शेगडीवर," नवरा सावकाश म्हणाला. "उतू जायला आलंय."

बाई खुर्चीत ताठ झाल्या.

नवरा भिंतीपलीकडेच बसायचा. वर्षापूर्वी ती भिंतही नव्हती. एक वीजमंडळ, एक खोली, एक चहाची किटली. मग मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या. वीज बनवणारी एक, मोठ्या तारांवरून ती शहरापर्यंत आणणारी दुसरी, घरोघर पोचवणारी तिसरी. नवरा दुसरीत गेला, बाई तिसरीत, आणि मधे प्लायवूड उभं राहिलं. वीज आता बाजारात दर पंधरा मिनिटांनी नव्या भावाने विकली जायची. एकीकडची खबर दुसरीकडे आधी फुटली तर भाव फिरतील, म्हणून दोघांकडून हमीपत्रं लिहून घेतली होती. फोनवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड व्हायचा. जे सांगायचं ते पोर्टलवर, उत्तर चार तासांत. नियम मोडला की नोकरी गेली.

उपकेंद्रात दोन ट्रान्सफॉर्मर होते. ते किती तापलेत हे फक्त नवऱ्याला दिसायचं. त्यांच्यावरचा भार हलवणं फक्त बाईंच्या हातात. आंधळ्या-पांगळ्याची जोडी, आणि तिला आपसात बोलायची बंदी. डावा ट्रान्सफॉर्मर बसला असता तर अर्धं शहर अंधारात गेलं असतं, दवाखाना आणि पाण्याचे पंप धरून.

"किती वेळ आहे?" बाईंनी विचारलं.

"साय फुगलीय. दहा मिनिटं म्हण."

"उजवीकडची मोकळी आहे?"

"आहे. पण सगळं एकदम टाकू नकोस."

बाईंनी फोन ठेवला आणि तीन वीजवाहिन्या एकेक करून डावीकडून उजवीकडे वळवल्या. दवाखान्याची सगळ्यात शेवटी वळवली. शहरात कुणाचा पंखासुद्धा थांबला नाही. थोड्या वेळाने प्लायवूडपलीकडे खुर्ची मागे सरकली आणि कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं.

नवऱ्याने रीतसर पोर्टलवरही कळवलं होतं. त्याचं उत्तर सहाला आलं: सदर समस्या आता आढळून येत नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावलं. टेबलावर ते रेकॉर्डिंग चालू होतं. दोघांच्या नोकऱ्या एका पातेल्यात गेल्या, हे बाईंनी दारातच ओळखलं. घरात शेगडी डावी-उजवी मिळून एकच आहे, हे विचारलं तर काय सांगायचं, याचीच त्यांना धास्ती होती.

साहेबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. उठून दार लावलं. परत येऊन कागदावर लिहिलं: खासगी संभाषण, कार्यालयाशी संबंध नाही. सही केली. मग कागदावर पेपरवेट ठेवला. या माणसाने तीस वर्षं एकाच मंडळात काढली होती.

"बाई," ते म्हणाले, "वीज बनवणाऱ्या कंपनीत आपलं सोयरंधायरं कुणीच नाही."

बाईंना काही उमगेना.

"दुसऱ्या पाळीला तुमच्या खुर्चीत बसते, ती मुलगी लग्नाची आहे ना?" साहेबांनी आवाज खाली आणला. "तिकडे एक मुलगा आहे माझ्या बघण्यात. निर्व्यसनी आहे. रात्रपाळीला झोपत नाही."