डावीकडची ठिणगी

"आटपा बाई, नाहीतर तुमची गादी भिजेल," टेबलावरून बाबा म्हणाले. तपासणीसाठी त्यांना तुडुंब पाणी पाजलं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या. डॉपलर सोनोग्राफीच्या पडद्यावर, मूत्राशयात उजवीकडून थोड्या थोड्या वेळाने केशरी ठिणगी उडत होती, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी उतरत होती. ती बाजू मोकळी होती. डावीकडून दहा मिनिटांत एकही उडाली नाही.

"डावी मूत्रवाहिनी तुंबलीय. उद्या नळी घालू." त्यांनी प्रोब पोटावरून उचलून खाचेत ठेवला आणि लिहायला वळल्या.

तेवढ्यात डावीकडे ठिणगी उडाली. मग दुसरी.

बाजूला उभ्या लेकीने प्रोबकडे पाहिलं. तो खाचेतच होता. मघाचंच चित्र असेल? पण पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंद पुढे सरकत होते. मग खोटं कोण, यंत्र की बाई? बाबा दमले होते. बाईंपुढे शंका कशाला काढा, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी नळी घालतानाच बाबा गेले.

महिन्याने ती रिपोर्ट न्यायला आली. टेबल रिकामं होतं, यंत्राची वायर गुंडाळून ठेवलेली. बंद, काळ्या पडद्यावर डावीकडे ठिणगी उडाली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला त्या दिवशीच दिसलं होतं. मी बोलले नाही."