नाकाचं माप

चावडीत गोऱ्या साहेबाने सुभानजीच्या नाकाला लोखंडी चिमटा लावून माप घेतलं, मग धाकट्या रखमाजीचं. दुभाष्या म्हणाला, “साहेब म्हणतात, थोरला आर्य, त्यांच्याच वंशातला. धाकटा द्रविड.”

“आवो, सख्खे भाऊ हाये आम्ही,” रखमाजी म्हणाला. साहेब फक्त हसला. सुभानजीला मात्र ते भलतंच आवडलं. साहेबाचा भाऊबंद म्हणून तो गावात मिरवू लागला. मुलीच्या लग्नात त्याने धाकट्याला मांडवात पुढेही येऊ दिलं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं.

दोघेही म्हातारे झाल्यावर नवा साहेब आला. त्याने बोटाला सुई टोचून रक्त घेतलं.

“आन् नाक?” सुभानजीने विचारलं.

“नाकावरून वंश ठरत नाही, आता रक्त बघतात,” नवा दुभाष्या म्हणाला. “ते जुनं शास्त्र चुकीचं निघालं.”

“मग मी कोण?”

“ते अजून ठरायचंय.”

सुभानजी गोंधळून बाहेर पडला. पाय भावाच्या दाराशी थांबले. रखमाजी जेवत होता. त्याने वर पाहून विचारलं, “काय म्हणाला सायेब, दादा?”

“मला काय कळंना बघ. बसू का तुझ्याजवळ?”

रखमाजीने ताट घेऊन जरा सरकून जागा केली.