दुपारी दोन ते चार

"यातलं एकही मी केलेलं नाही," धाकट्या बाई म्हणाल्या.

संगणक शिकवायला आलेल्या प्रशिक्षकांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी धाकट्या बाईंनी वाचनालयाच्या ऑनलाइन सूचीत चाळीस पुस्तकं चढवली होती, त्यातली निम्मी भलत्याच विषयाखाली. आज चाळीसच्या चाळीस जागच्या जागी होती. शिवाय टिपा होत्या. 'विहिरी' या विषयाखाली लिहिलं होतं: हेही पाहा – भाऊबंदकी. 'झोप' या विषयाखाली: हेही पाहा – पहारेकरी.

"बदल कोणी केला ते इथे दिसतं," म्हणत प्रशिक्षकांनी बोट ठेवलं.

तिथे अण्णांचं नाव होतं, आणि अण्णांना वारून दोन महिने झाले होते.

अण्णा इथले ग्रंथपाल. एकतीस वर्षं त्यांनी वाचनालय सांभाळलं, त्यातली बावीस धाकट्या बाई त्यांच्या हाताखाली होत्या. केस पिकले तरी वाचकांनी त्यांचं 'धाकट्या' काही सोडलं नाही. अण्णांच्या सूचीचं नाव मात्र लांबवर होतं. कार्डाच्या तळाशी 'हेही पाहा' लिहून ते वाचकाला अशा कपाटाकडे धाडत, की तो न्यायला आलेलं पुस्तक विसरून दुसरंच घेऊन जाई आणि वर आभार मानी. नवी पुस्तकं आली की ती पिशवीत भरून ते घरी नेत आणि दोन दिवसांनी कार्डं लिहून आणत. इथे माणसांच्या वर्दळीत डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी दोन ते चार ते खुर्चीतच घोरत. त्या वेळात आलेल्या वाचकाला धाकट्या बाईच वाटेला लावत.

आता महिनाअखेरीपर्यंत सगळी पुस्तकं ऑनलाइन सूचीत नीट चढवायची होती. नाही जमलं तर वाचनालय मोठ्या शाखेत जाणार, इथे कुलूप लागणार आणि धाकट्या बाई घरी बसणार. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. संगणकाशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. वहीत सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या होत्या, पण वहीत एक दिसे आणि पडद्यावर तिसरंच.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्यांनी संगणक बंद केला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. चारला दार उघडलं. आत धूळसुद्धा हललेली नव्हती. सूचीत मात्र सव्वीस पुस्तकं दुरुस्त झाली होती. पहिलं दोन वाजून दहा मिनिटांनी, शेवटचं चारला दहा कमी असताना. शेवटच्या पुस्तकाचा विषय होता 'कुलपं'. खाली टीप: हेही पाहा – संसार.

जिवंतपणी माणूस ज्या वेळात झोपला, त्या वेळात मेल्यावर काम करतोय, असं मनात येऊन त्यांना हसू फुटलं, आणि लगेच आपल्याच हसण्याची भीती वाटली.

भीती गेली नाही, पण सवय झाली. सकाळी त्या चढवत, दुपारी चुका निस्तरल्या जात. हळूहळू त्या रिकाम्या खुर्चीशी बोलू लागल्या. "अण्णा, आज प्रवासवर्णनं घेते हं." चारनंतर प्रवासवर्णनं लखलखीत झालेली असत. खुर्चीत बसायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही.

शेवटच्या आठवड्यात प्रशिक्षकांचा फोन आला. "मेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवता येत नाही, बाई. आज बंद झालंच पाहिजे. पासवर्ड घरच्यांना विचारा."

अजून चारशे पुस्तकं राहिली होती.

अण्णांचं घर मागच्याच गल्लीत होतं. "आमच्या हिला पुस्तकांचं वावडं," असं अण्णा हसून सांगत, आणि ते खरंच असावं. बावीस वर्षांत काकू वाचनालयात दोनदाच आल्या होत्या, दोन्ही वेळा अण्णांचा विसरलेला चष्मा द्यायला.

काकूंनी हात पुसत दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"काकू, मला वेड्यात काढू नका," धाकट्या बाई म्हणाल्या. "अण्णा अजून कामावर येतात." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कुलूप, खुर्ची, टिपा, राहिलेली चारशे पुस्तकं, काही वगळलं नाही.

शेवटी काकूंनी एवढंच विचारलं, "काम बरं होतं का?"

"पूर्वीसारखंच. तसूभर फरक नाही."

"फार घाबरलीस?"

"दोन वाजले की अंगावर काटा येतो. पण खरं सांगू? मला ते जायला नको आहेत." धाकट्या बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यांच्या जिवाला शांती नाही हे कळतंय, तरी मी त्यांना राबवतेय. आज खातं बंद केलं तर मीच त्यांना हाकलल्यासारखं होईल. आणि ते गेले की तसंही सगळं संपलं. त्या टिपा माझ्याच्याने जन्मात व्हायच्या नाहीत, काकू."

त्या पदराने डोळे टिपत राहिल्या. काकूंनी कागद ओढला आणि कुठेही न बघता पासवर्ड लिहून दिला.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस चालवायचं."

धाकट्या बाई कागद घेऊन उठल्या. दारापर्यंत पोहोचल्या, तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "आणि माझ्या नावाचं एक खातं उघडून दे. एकतीस वर्षं त्यांच्या नावाने लिहिलं, ही चारशे तरी माझ्या नावाने होऊ देत."