जोकरच्या मुलाची आत्या

म्हाळसाबाईंनी बाळाचे दोन्ही पाय धरून सरळ ओढले आणि टाचेपासून टाळूपर्यंत विती टाकल्या. मग पुन्हा टाकल्या. बाकीच्या बायकाही वाकल्या. कुणी गुडघे दाबून पाहिले, कुणी मूठ उलगडून बोटांची लांबी पाहिली. बाळ रडून रडून लाल झालं.

"आत्ताच काय कळत नाय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "बाप बी जन्मला तवा असाच आसंल."

बाप दारातच उभा होता. त्याचं नाव पदमबहादूर, पण मुकुंदवाडीत सगळे त्याला जोकर म्हणत. तो दारातल्या रांजणापेक्षा थोडासाच उंच होता. सर्कशीचा तंबू शहरातून हलला तेव्हा मुक्ताशी लग्न करून तो इथंच राहिला. मुंबईहून बोलावणं आलं की सिनेमात काम करून यायचा. तेव्हा मुकुंदवाडीत ज्वारीची शेतं होती, आणि शेतांच्या पलीकडं कारखान्यांची धुरांडी उभी राहत होती.

बायकांच्या हातांकडं बघून त्याला शिसारी येत होती. मिसरी लावलेली, तंबाखू मळलेली ती बोटं बाळाच्या ओठांवरून, बेंबीवरून फिरत होती. पण आज त्यांना हटकून चालणार नव्हतं. आज बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि त्याची बहीण दूर नेपाळात, डोंगरात. मानलेली तरी हवी होती. मुक्ताची आई साळूबाई घरोघरी विचारून आली होती. एकीला सुतक निघालं, एकीची कंबर धरली. जोकरची बहीण म्हणवून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी म्हाळसाबाई हो म्हणाल्या होत्या.

आता त्या पाळण्याची दोरी धरून बसल्या. "करते की मी कुर्र. पण आधी त्यानं ते दाखवावं. पिक्चरमधलं."

बायका खिदळल्या. करमाडच्या जत्रेत तंबूत लागलेला तो सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता. त्यात पदमबहादूर टोपडं घालून पाळण्यात निजतो आणि विडी ओढतो.

साळूबाई दाराशी आली. जावयाशी ती एरवी बोलत नसे. "करा की वो," ती हळूच म्हणाली. "तेवढ्यानं काय झिजतंय? पोराला आत्या मिळंल."

त्यानं मुक्ताकडं पाहिलं. ती बाळाला उराशी धरून खाली बघत होती.

तो पाळण्यात चढला. कुणीतरी बाळाचं टोपडं त्याच्या डोक्यावर ओढलं, नाड्या हनुवटीखाली करकचून बांधल्या. कुणी पेटती विडी तोंडात दिली. त्यानं धूर सोडला आणि सिनेमातल्यासारखं ट्यांहां केलं. पाळण्याभोवती तोंडं गोळा झाली. माणसं त्याला रोज खालूनच दिसत. पण इतक्या खालून त्यानं ती कधी पाहिली नव्हती. नाकपुड्या, काळे दात, हसताना टाळूपर्यंत उघडणारे जबडे. एकीच्या तोंडातली पानाची पिंक उडाली आणि बाळासाठी अंथरलेल्या पांढऱ्या दुपट्यावर पडली.

"यात माझा पोरगा झोपणार," तो म्हणाला.

ते कुणाला ऐकू गेलं नाही. म्हाळसाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. हसण्याचा भर ओसरल्यावर त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

"आत्या?" साळूबाईनं विचारलं.

"माय, ज्याला पाळण्यात लोळताना बघितला, त्याला भाऊ कसा म्हनू? मला हसूच आवरायचं नाय."

तो खाली उतरला. नाड्यांची गाठ त्याच्या आखूड बोटांना सुटेना. मुक्ता उठली. तिनं दुपटं ओढून कोपऱ्यात फेकलं, पाळण्यात आपलं धुतलेलं लुगडं घडी करून अंथरलं आणि बाळाला घेऊन ती दाराबाहेर गेली. ओट्याखाली द्वारकाबाई उभी होती. दोघी चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात झाडायला होत्या. बारशाला ती झबलं घेऊन आली होती, पण तिला आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि ती आली नव्हती. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा तिच्या गावातली दलितवस्ती जाळली, त्यात तिचं घर गेलं. तेव्हापासून ती शहरात होती.

"अक्का, तू हो आत्या," मुक्ता म्हणाली.

द्वारकाबाईनं आतल्या बायकांकडं पाहिलं. "ईचार कर, मुक्ता. म्या आत आले तर या बाया घुगऱ्या बी खायच्या नाईत."

"नाय खाल्ल्या तर गाईला घालू."

द्वारकाबाई आत आली. बायका भिंतीला सरकल्या, लुगडी आवरून. द्वारकाबाईनं आधी पदमबहादूरच्या हनुवटीखालची गाठ सोडली, टोपडं झटकून बाळाला घातलं.

"भावाचं नाव तर ठाव पाहिजे," ती म्हणाली. "काय म्हनायचं तुला?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. त्यानं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा घोळवून पक्कं केलं, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"कुर्र! पदमबहादूरचा अर्जुन."

आत्यानं नाव घेतलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. द्वारकाबाई पाठ वाकवून थांबली. बायकांचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत. पाळण्याची कडी कुरकुरत होती.

पदमबहादूर पुढं झाला. वाकलेल्या पाठीपर्यंत त्याचा हात पोचत होता. त्यानं धपाटा घातला, अगदी हलका.

"बहिणीला इतकं हळू कुणी मारतं व्हय?" द्वारकाबाई वाकूनच म्हणाली.