सेकंदाचा दहालाखावा भाग

वहिनीनं हातमोज्याला मनगटापाशी ब्लेडनं बारीक चीर पाडली आणि मोजा होता तसा खुंटीला अडकवला. मग व्हिनेगरची बाटली बेसिनमध्ये रिकामी करून नळाखाली धरली. वासावरून शंका नको म्हणून बाटलीच्या तोंडाला दोन थेंब व्हिनेगर चोळायला ती विसरली नाही.

प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिथले मुख्य शास्त्रज्ञ तसं म्हणत. तिचा नवरा त्यांचा जोडीदार. जेलीफिशच्या डंखाचा वेग दोघांनी मिळून मोजला होता. नाव मात्र आता एकट्याचं उरलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच टाकीत नवऱ्याला डंख बसला आणि शास्त्रज्ञांनी व्हिनेगरऐवजी साधं पाणी ओतलं; नवरा वाचला नाही. बाटलीत पाणी माझ्या चुकीनं राहिलं, असं चौकशीत त्यांनी स्वतःच सांगितलं. चूक म्हणे! वर तिला इथं नोकरी दिली. तिनं ती घेतली, कारण तिला शिकायचं होतं.

शिकवलंही त्यांनीच, अगदी हौसेनं. डंखाच्या पेशीत सुई गुंडाळून दाबलेली असते. स्पर्श झाला की सेकंदाच्या दहालाखाव्या भागात सुटते; आपला कॅमेराही तिच्यापुढे हात टेकतो, असं ते हसत सांगत. पण कातडीला चिकटलेल्या बऱ्याच पेशी न सुटताच राहतात. व्हिनेगर त्यांना थोपवतं. गोडं पाणी त्यांना एकदम सोडतं.

दुपारी त्यांनी मोजा चढवला आणि टाकीत हात घातला. हात झटक्यात बाहेर आला तेव्हा मनगटाला पारदर्शक धागे चिकटले होते.

"वहिनी, बाटली."

तिनं आणली. स्वतःच्या हातानं ओतली, सावकाश, पार संपेपर्यंत. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

ते भिंतीला टेकून खाली बसले. श्वास पुरेना. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझ्या नवऱ्याला असंच मारलंत ना, भाऊजी?" ती म्हणाली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्हाला कळू नये, म्हणून दोष अंगावर घेतला. त्याचा तोल गेला, हात टाकीत पडला. मी हाताला लागली ती बाटली ओतली. मग त्यानं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पाणी त्यानं भरलं होतं. माझ्यासाठी."