राणीसाहेबांचा हौद

शहरातल्या पर्यटकांना रोज डोंगरापलीकडच्या पडक्या राजवाड्यात नेणारा गाइड तिथला दगडी हौद मोठ्या थाटात दाखवायचा. "इथे राणीसाहेब दुधाने न्हायच्या!" असं म्हटलं की माणसं पटापट हौदात उतरून फोटो काढायची. घरी मात्र तो लेकीला डोळा मारून सांगायचा, "घोड्यांना पाणी पाजायचा हौद गं तो. राणीबिणी सगळी आपली थाप."

चाचणीत नेमका त्या हौदावरच प्रश्न आला. लेकीने खरं ते लिहिलं, भोपळा मिळवला आणि फुरंगटून पेपर बापापुढे आपटला.

खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, "साफ चूक! सुट्टीत मी स्वतः तिथे जाऊन गाइडच्या तोंडून ऐकून आले आहे. मुलीला घरी असलं काहीबाही कोण शिकवतं? पालकांनी सही करावी."